ठाण, चराई आणि चारित्र्य

आमच्या तालुक्याच्या गावी एक जुने सार्वजनिक वाचनालय आहे. मागच्या पावसाळ्यात तिथे भेट आलेल्या पुस्तकांच्या गठ्ठ्यातून प्राण्यांच्या वर्तनावरचे एक इंग्रजी पुस्तक निघाले. पुठ्ठ्यावर ‘एथॉलॉजी’, म्हणजे प्राण्यांच्या वर्तनाचे शास्त्र, असा ठळक शब्द होता. ग्रंथपालाने त्याला ‘एथिक्स’चा भाऊबंद समजून ते १७० क्रमांकाच्या कपाटात, म्हणजे नीतिशास्त्रात लावले. प्राणिशास्त्र शिकवणारे एक प्राध्यापक पुस्तक बदलायला आले होते, त्यांनी हसत हसत ही चूक दाखवली. शेजारी वर्तमानपत्र चाळत बसलेल्या निवृत्त संस्कृत शिक्षकांना ते हसणे रुचले नाही. त्यांना गावात सगळे अण्णा म्हणतात आणि प्राध्यापकांना सर. कपाटाशेजारी सुरू झालेला हा वाद पुढच्या महिन्यात वाचनालयाच्या सभागृहात रीतसर व्याख्यानांच्या रूपाने झाला, आणि तो ऐकून मी बराच अस्वस्थ होऊन घरी आलो.

अण्णांचे म्हणणे असे की, मूळ ग्रीक शब्द चारित्र्याचा, त्यातून नीतीचे शास्त्र निघाले आणि आधुनिक विज्ञानाने तोच शब्द ओढत नेऊन पिंजऱ्याला बांधला. माणसाची नीती सोडून उंदराची धावपळ मोजणाऱ्या काळाला हे शोभतेच. सरांचे म्हणणे असे की, शब्द कुठे जन्मला याच्याशी विज्ञानाला काही कर्तव्य नाही, आपण व्याख्या करू तोच अर्थ. शिवाय माणूस हाही प्राणीच असल्यामुळे नीती म्हणजे एका वानरकुळाचे वर्तन, त्यापलीकडे तिला वेगळे अस्तित्व नाही. टाळ्या दोघांनाही मिळाल्या. माझ्या मते दोघेही चुकले, आणि दोघांची चूक एकच आहे: शब्दाला एकच मालक असतो असे दोघांनीही गृहीत धरले. हा शब्द नीतीकडून प्राण्यांकडे गेला यात त्याची अधोगती झाली नाही. उलट, एखादे वागणे चांगले की वाईट हे ठरवण्याआधी ते नीट पाहावे, ही दुर्मिळ शिस्त त्या प्रवासातून आपल्या हाती लागली. पण पाहून झाले म्हणजे ठरवण्याचे कामही संपले, असे मात्र ती शिस्त कुठेही सांगत नाही.

आधी शब्दाचा उगम पाहू, कारण अण्णांची सगळी भिस्त त्याच्यावर होती. चारित्र्य या अर्थाने ज्याचा उल्लेख ते करत होते तो ग्रीक शब्द ‘एथोस’. होमरच्या इलियड या महाकाव्यात, सहाव्या सर्गात, तो अनेकवचनात येतो आणि तिथे त्याचा चारित्र्याशी काहीही संबंध नाही. ठाणबंद असलेला, गव्हाणीत पोटभर खाल्लेला घोडा दावे तोडून, आयाळ उडवत, नेहमीच्या नदीकडे आणि घोड्यांच्या ओळखीच्या कुरणाकडे दौडत सुटतो, असे ते वर्णन आहे. ‘ओळखीच्या जागा’ म्हणजेच एथोस. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत तापीकाठी ज्याने एकदा तरी घोडे बांधलेले पाहिले आहेत त्याला हे चित्र समजावून सांगावे लागणार नाही. आपल्याकडे घोड्याच्या त्या जागेला ठाण म्हणतात. तेव्हा हा शब्द पहिल्यांदा भेटतो तो तत्त्वज्ञांच्या सभेत नव्हे, घोड्याच्या ठाणावर. गंमत म्हणजे या घोड्याची उपमा होमरने दिली आहे ती पॅरिसला, दुसऱ्याची बायको पळवून आणून साऱ्या गावावर युद्ध ओढवून घेणाऱ्या माणसाला. चारित्र्याचा दाखला द्यायला याहून वाईट उमेदवार मिळणे कठीण.

जागेवरून शब्द सवयीकडे सरकला आणि सवयीवरून स्वभावाकडे. जनावर जिथे रोज जाते ती त्याची जागा, जे रोज करते ती त्याची रीत, आणि रीत अंगात मुरली की तो त्याचा स्वभाव. या पायऱ्या कोणत्याही भाषेत पटण्यासारख्या आहेत. सवय या अर्थाच्या शब्दात किंचित फेरफार होऊन नीतिवाचक शब्द तयार झाला, असे ॲरिस्टॉटलनेच नोंदवले आहे. परंतु नीतीवर ग्रंथ लिहिणाऱ्या याच माणसाने प्राण्यांवरही मोठा ग्रंथ लिहिला, आणि त्यात प्राण्यांमधले भेद सांगताना त्यांची जीवनपद्धती, क्रिया, अवयव यांच्या बरोबरीने एथोसही मोजला: बैल शांत, रानडुक्कर तापट, कोल्हा धूर्त, कलहंस लाजाळू आणि सावध. म्हणजे ज्या काळाला अण्णा शब्दाचे पवित्र माहेर मानतात त्या काळातही तो दोन्ही घरी नांदत होता. पुढे रोमन लोकांनी तो उसना घेतला तेव्हा तर तो थेट रस्त्यावर आला. लॅटिनमधला ‘एथोलोगस’ म्हणजे लोकांच्या लकबींची नक्कल करून हसवणारा, आपल्या भाषेत बहुरूपी. रोमन वक्ता सिसरो इतर वक्त्यांना बजावतो की नक्कल जपून करा, अती केलीत तर ते या मंडळींचे काम होईल. सतराव्या शतकातल्या इंग्रजीतही ‘एथॉलॉजी’ हा शब्द स्वभाव वठवून दाखवण्याच्या कलेसाठी होता. खानदेशातल्या भोवाड्यात सोंग नाचवणारा माणूस त्या हिशेबाने पहिल्या प्रतीचा एथॉलॉजिस्ट ठरला असता, आणि त्याने ती पदवी बिदागीसह आनंदाने घेतली असती.

या शब्दाला खरी विद्वत्तेची वस्त्रे चढवली ती इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलने. १८४३ साली तर्कशास्त्रावरच्या आपल्या ग्रंथात त्याने एका नव्या शास्त्राची कल्पना मांडली आणि त्याला हे नाव दिले: माणसाचा स्वभाव कोणत्या परिस्थितीतून कसा घडतो याचे नियम शोधणारे शास्त्र. मिल तेव्हा लंडनमध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीत नोकरीला होता; म्हणजे आपल्या मुलखाचा कागदोपत्री कारभार ज्या इमारतीतून चाले त्याच इमारतीत हा माणूस स्वभावाच्या शास्त्राचा विचार करत बसत असे. ते शास्त्र त्याच्या हातून कधी उभे राहिले नाही आणि नाव मोकळेच राहिले. फ्रान्समध्ये इझिदोर जोफ्रवा सां-इलेर याने त्याच शतकाच्या पन्नाशीत ते प्राण्यांच्या कौटुंबिक आणि सामूहिक जीवनाच्या अभ्यासाला लावले. १९१० साली बर्लिनला भरलेल्या पक्षिशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ऑस्कर हाइनरोथ यांनी बदके आणि हंस यांच्या कुळावर निबंध वाचला, तिथून जर्मनीत हा अर्थ रुजला. १९७३ साली कार्ल फॉन फ्रिश, कोनराड लोरेन्झ आणि निको टिंबर्गेन या तिघांना नोबेल मिळाले तेव्हा नव्या अर्थावर शिक्कामोर्तब झाले. मिलची आठवण तोवर ग्रंथालयांपुरती उरली होती. आता सांगा, यात चोरी कुठे झाली? ठाणावरून निघालेला शब्द अडीच हजारांहून अधिक वर्षे गावोगाव हिंडून पुन्हा ठाणावर आला आहे.

अण्णा संस्कृतचे जाणकार असल्यामुळे मला अधिक आश्चर्य वाटले ते यासाठी, की हा प्रवास त्यांच्याच शब्दकोशात पानोपानी आहे. ‘चर्’ हा धातू घ्या. त्याचा अर्थ हिंडणे, फिरणे आणि गुरांच्या बाबतीत चरणे. त्यातूनच आचार निघाला, विचार निघाला, सदाचार आणि भ्रष्टाचार हे सख्खे भाऊ निघाले, चरित्र निघाले आणि चारित्र्यही. मराठीत आजही एका बाजूला चारा, चराई आणि चरणे आहे, दुसऱ्या बाजूला पोलीस ठाण्यातून मिळणारा चारित्र्य पडताळणीचा दाखला आहे, आणि दोन्हींचे बूड एक आहे. ‘गोत्र’ हा मुळात गाईंचा गोठा होता. आता लग्न जुळवताना तो विचारला जातो. ‘गवेषणा’ म्हणजे गाई शोधायला निघणे, आता संशोधन. डॉक्टरेटसाठी गवेषणा करणाऱ्याला किती गाई सापडल्या असे कोणी विचारत नाही, आणि विचारू नये. अर्थ उगमाशी बांधलेला नसतो, एवढा सरांचा मुद्दा मी इथे बिनशर्त मान्य करतो. पण मग तो अण्णांच्या विरुद्ध जितका लागू होतो तितकाच सरांच्याही विरुद्ध लागू होतो. कारण आजच्या व्याख्येने शब्दाच्या मागची सगळी ये-जा पुसून टाकता येते, हा दावा त्याच मालकीहक्काचा दुसरा अवतार आहे.

तरीही अण्णांची बाजू इतक्या सहज निकालात निघत नाही. त्यांचा सर्वात बळकट मुद्दा त्यांनी स्वतः नीट मांडला नाही, म्हणून तो मी मांडतो. शब्द अर्थ बदलतो तेव्हा जुना अर्थ घर रिकामे करून जात नाही. तो माळ्यावर सामान ठेवून जातो. वर्तनाच्या शास्त्रातले शब्द आपण पुन्हा माणसांत आणतो तेव्हा ते सामान हळूच खाली उतरते, आणि ‘असे असते’ या वाक्याचे ‘असे असायला हवे’ कधी झाले ते कळत नाही. ‘अल्फा’ या शब्दाचे पाहा. १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल यांनी बंदिस्त लांडग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अनोळखी जनावरे एकत्र कोंडलेली, त्यामुळे वर्चस्वाची भांडणे होणारच. त्या निरीक्षणातून कळपातल्या ‘अल्फा’ नराची, म्हणजे साऱ्यांवर हुकूम चालवणाऱ्या म्होरक्याची कल्पना पसरली. मोकळ्या रानातला लांडग्यांचा कळप बहुधा आई-बाप आणि त्यांची पिल्ले असा कुटुंबकबिला असतो, हे डेव्हिड मेक यांनी पुढे अनेक वर्षांच्या अभ्यासाने दाखवले आणि १९९९ साली हा शब्द सोडून द्यावा असे सुचवले. स्वतः आधी तो वापरल्याची खंतही त्यांना होती. पण तोवर तो माणसांच्या बाजारात पोहोचला होता. आज जळगावातल्या व्यायामशाळेतला मुलगाही मैत्रिणीशी उर्मटपणे वागतो आणि त्याला निसर्गाचा नियम म्हणतो.

याहून गंभीर दाखला खुद्द लोरेन्झचा. कलहंसाची नुकती जन्मलेली पिल्ले ज्यांच्या मागे आईच्या मागे चालावे तशी चालत, तेच हे लोरेन्झ. १९३८ साली ते नाझी पक्षाचे सभासद झाले. पाळीव जनावरांत रानटी पूर्वजांचे गुण उतरणीला लागतात, तसे नागर माणसांतही होते, आणि अशा ‘उतरलेल्यां’ना समाजातून वेगळे काढले पाहिजे, या आशयाचे लेखन त्यांनी १९४० साली केले, पुढे त्याचा पश्चात्तापही व्यक्त केला. बदकाच्या वर्णनात वापरलेला ‘ऱ्हास’ हा शब्द इथे माणसांवर निवाडा म्हणून आला होता, आणि अंगावर शास्त्रज्ञाचा कोट असल्यामुळे त्याला कोणी दारात अडवले नाही. अण्णांना जी भीती वाटते ती हीच असेल, तर ती पोकळ नाही.

परंतु त्याच शास्त्राचा दुसरा संस्थापक त्या वर्षांत कुठे होता? टिंबर्गेन जर्मनांनी व्यापलेल्या हॉलंडमध्ये, लायडेन विद्यापीठात होते. ज्यू सहकाऱ्यांना काढून टाकण्याला विरोध केला म्हणून जर्मनांनी त्यांना १९४२ पासून सुमारे दोन वर्षे ओलीस छावणीत डांबले. पुढे १९६३ साली त्यांनी प्राण्याच्या कोणत्याही वर्तनाला विचारायचे चार प्रश्न मांडले: ते कशामुळे घडते, त्याने जगण्याला काय मदत होते, ते त्या जिवाच्या आयुष्यात कसे वाढत जाते, आणि पिढ्यान्‌पिढ्यांत कसे उत्क्रांत झाले. या चारांत ‘ते योग्य आहे का’ हा पाचवा प्रश्न नाही. ज्या माणसाने योग्य-अयोग्यासाठी तुरुंग पत्करला त्याला तो प्रश्न ठाऊक नव्हता असे कोण म्हणेल? तो प्रश्न सीगल पक्ष्याला विचारायचा नाही, विद्यापीठाच्या कुलगुरूंना विचारायचा, हे त्यांना पक्के माहीत होते. एकच शब्द, एकच शास्त्र, आणि दोन माणसे. बिघाड शब्दाच्या स्थलांतरात असता तर दोघेही बिघडले असते.

शिवाय शब्द नीतीच्या घरात सुखरूप होते तेव्हा ते निष्पाप होते का? इथे खानदेशाने तरी तोंड उघडताना विचार करावा. एथॉलॉजीचा आजचा अर्थ रुजण्याच्या कितीतरी आधी, १८७१ साली, इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि १९११ च्या कायद्याने तो आपल्या मुंबई इलाख्यालाही लावता आला. पारध्यांसारख्या जमातींत जन्मलेले मूल हे जन्मतःच गुन्हेगार, गुन्हा हा त्यांचा स्वभाव, असे सरकारी दप्तराने ठरवले. आमच्या भिल्लांना तर त्याआधीपासूनच ‘रानटी’ म्हणण्याचा प्रघात होता. १८२५ साली औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने भिल्ल पलटण उभी केली तेव्हा त्याच लोकांच्या धाडसाचे आणि इमानाचे गोडवे गायले गेले, म्हणजे रान तेच, माणसे तीच, फक्त ती सरकारच्या कामी आल्याबरोबर स्वभाव बदलला. हे सगळे शुद्ध नैतिक भाषेत चालले होते. कोणी वर्णन केलेच नाही; सगळ्यांनी निवाडे केले आणि त्यांना वर्णन म्हटले. मिलचे शास्त्र खरोखर उभे राहिले असते तर त्याने या साहेबांना विचारले असते, की जंगल बंद झाले, शिकार बंद झाली, मग या माणसाने रात्री काय खाल्ले? १९५२ साली तो कायदा गेला आणि त्याच्या जागी ‘सराईत’ गुन्हेगारांचे कायदे आले. सराईत म्हणजे सवयीचा. एथोस पुन्हा हजर.

माझे हात स्वच्छ आहेत असे मी म्हणत नाही. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘वर्तणूक’ असा एक रकाना असतो आणि त्यात ‘चांगली’ असे लिहायचे असते. पस्तीस वर्षांच्या नोकरीत मी ते शेकडो वेळा लिहिले, शाईही न वाळू देता. एकदा मात्र लिहिले नाही. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पावरा आदिवासी मुलाच्या दाखल्यावर, तो दर वर्षी दिवाळीनंतर नाहीसा होतो आणि उन्हाळ्यात उगवतो या रागाने, मी ‘बरी’ लिहिले. त्याचे आई-बाप ऊसतोडीला गुजरातेत जात आणि पाठच्या दोन बहिणींना सांभाळायला तो सोबत जाई, हे मला पुढे कधीतरी बसस्थानकावर त्याच्याच तोंडून कळले. त्याने ते तक्रार म्हणून सांगितले नव्हते, गप्पांच्या ओघात आले. दोन अक्षरी शब्द, पण तो लिहिण्याआधी टिंबर्गेनचा निदान पहिला प्रश्न मी विचारायला हवा होता. स्थलांतर करणाऱ्या पक्ष्याला आपण ‘वर्तणूक बरी’ म्हणत नाही. तो कुठून येतो आणि का जातो ते पाहतो. जनावराला जी सवलत देतो ती माणसाला द्यायला मी विसरलो होतो.

आता सरांकडे वळतो. त्यांचाही एक मुद्दा फार मोलाचा आहे. प्राण्यांवर नीती लादली की प्राणी दिसेनासा होतो. एकोणिसाव्या शतकात जॉर्ज रोमेन्स यांनी प्राण्यांच्या बुद्धीचे आणि भावनांचे असंख्य किस्से गोळा केले. त्यांतले कुत्रे-मांजरे इतके सद्गुणी होते की अखेर १८९४ साली लॉइड मॉर्गन यांना दंडक घालून द्यावा लागला: साध्या कारणाने वागण्याचा उलगडा होत असेल तर उगाच वरच्या पायरीचे मन कल्पू नका. आपल्याकडे इतके लांब जायला नको. विहिरीवर वाकलेल्या बाभळीला आषाढ-श्रावणात लोंबणारे खोपे सगळ्यांनी पाहिले आहेत. त्या पाखराचे नावच आपण ‘सुगरण’ ठेवले, म्हणजे विणण्याचे श्रेय बाईला देऊन टाकले. प्रत्यक्षात खोपा विणतो नर. १९३० साली किहीमला सलीम अलींनी दिवसच्या दिवस बसून पाहिले: नर अर्धा खोपा विणतो, टोपासारखा, मधे झोक्याची दांडी असलेला, माद्या येऊन आत बसून, ओढून पाहतात, एखादीने पसंत केला तर पुढचे बांधकाम होते, आणि ती अंड्यांवर बसली की हा गृहस्थ शेजारच्या फांदीवर दुसऱ्या बिऱ्हाडासाठी दुसरा खोपा सुरू करतो. आमच्या गावच्या विहिरीवर मीही पाहिले आहे; नापसंत खोपे अर्धवट लोंबत राहतात आणि वारा आला की खाली पाण्यात पडतात. आता याला सुगरण म्हणावे की बाहेरख्याली? दोन्ही नावे माणसाची, दोन्ही पाखराला सारखीच गैरलागू. आसोद्याच्या बहिणाबाईंनी सुगरणीच्या खोप्यावर जी कविता केली तिला यामुळे काही कमीपणा येत नाही. त्या पाखराचा अहवाल लिहीत नव्हत्या. हाताला फक्त चोच असताना केवढे काम करता येते हे माणसाला दाखवत होत्या. कवितेतले पाखरू हे सोंग असते, आणि सोंग आणणाऱ्याला कोणी खोटारडा म्हणत नाही.

तेव्हा शिस्त हवी, हे कबूल. पण सर तिथे थांबले नाहीत. माणूस प्राणी आहे, नीती हे प्राण्याचे वर्तन आहे, म्हणून नीतीला वेगळा अर्थ नाही, अशी उडी त्यांनी मारली. आणि ती उडी शास्त्रातली नाही, शास्त्राच्या कुंपणावरून पलीकडे आहे. गणित हेही मेंदूचेच काम आहे. म्हणून सात आणि पाच बारा होतात की नाही हे मेंदू चिरून ठरवायचे का? माणसे निवाडे कशी करतात हे वर्तनशास्त्र सांगू शकेल. एखादा निवाडा बरोबर आहे का, हे त्यातून निघणार नाही. त्यासाठी कारणे द्यावी लागतात, वाद करावा लागतो. खुद्द सर त्या संध्याकाळी तासभर कारणेच देत होते आणि आपले म्हणणे बरोबर आहे असा आग्रह धरत होते. ते केवळ त्यांच्या वानरकुळाचे वर्तन होते असे मी सभेत म्हटले असते, तर त्यांना राग आला असता, आणि तो योग्य असता. दुसरे असे, की नीतीचे शब्द प्रयोगशाळेच्या दाराबाहेर चपलांसारखे काढून ठेवता येत नाहीत. २००३ साली सेरा ब्रॉस्नन आणि फ्रान्स द वाल यांनी कॅप्युचिन माकडांवर प्रयोग केला: एकच काम, पण एकाला काकडी आणि शेजारणीला द्राक्ष. काकडीवाल्या माकडांनी बऱ्याचदा काकडी नाकारली. हे काय होते, अन्यायाची चीड की फक्त द्राक्षाचा लोभ, यावर पुढे बराच वाद झाला. पण तो प्रयोग सुचायलाच ‘अन्याय’ म्हणजे काय हे माहीत असलेले मन लागले. जुना अर्थ माळ्यावर होता म्हणून नवा प्रश्न विचारता आला.

हा सगळा काथ्याकूट कशासाठी, असे कोणी विचारेल. आमच्या भागात तो जीवनमरणाचा प्रश्न आहे. रावेर-यावलच्या केळीत आणि शहादा-तळोद्याच्या उसात बिबटे राहतात. उसाच्या फडात पिल्लेही देतात. चाळीसगाव तालुक्यात २०१७ साली बिबट्याने माणसे मारली आणि अखेर त्याला गोळी घालावी लागली. ज्यांच्या घरचे माणूस गेले त्यांच्यापुढे वर्तनशास्त्र सांगत बसणे हा निर्दयपणा आहे, आणि जनावर माणसाच्या मागे लागलेच असेल तर गोळीवाचून इलाज नसतो, हेही मला मान्य आहे. पण प्रत्येक वेळी गावसभेत जी भाषा ऐकू येते ती फौजदारीची असते: गुन्हेगार बिबट्या, दरोडेखोर बिबट्या, याला इथून हाकला. एकदा गुन्हेगार म्हटले की शिक्षाही ठरलेली, तडीपारी. पिंजरा लावायचा, जो सापडेल तो धरायचा आणि दूरच्या जंगलात सोडून द्यायचा. जुन्नरला हेच केले. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथला हिशेब मांडला आहे: फेब्रुवारी २००१ मध्ये बिबटे मोठ्या प्रमाणावर पकडून दुसरीकडे सोडण्याचे काम सुरू झाले, आणि त्याआधी वर्षाला सरासरी चार असणारे माणसांवरचे हल्ले त्यानंतर सतरावर गेले. जिथे नेऊन सोडले त्या परिसरातही हल्ले सुरू झाले. बिबट्या परक्या मुलखात गोंधळतो, तिथे राहणाऱ्या दुसऱ्या बिबट्यांशी त्याची गाठ पडते, आणि जमेल तेव्हा तो आपल्या ओळखीच्या जागेकडे परत निघतो, वाटेत गावे लागली तरी. दावे तोडून सुटलेल्या त्या घोड्यासारखा. ग्रीकांनी ज्याला एथोस म्हटले ते हेच, आणि तेच न पाहता आपण त्या जनावराच्या चारित्र्याचा निकाल लावत होतो.

या वाक्यात दोन्ही अर्थांची गरज पडते, हे लक्षात घ्यावे. बिबट्या परत का निघतो, हे पाहण्याचे काम. त्याला सोडणाऱ्याने कोणाच्या गावाजवळ सोडले आणि कोणाला विचारले, हा निवाड्याचा प्रश्न, आणि तो बिबट्याला नव्हे, आपल्याला विचारायचा आहे. पाहणे नसते तर निवाडा चुकीच्या दारात जाऊन उभा राहिला असता. निवाडा नसता तर पाहणे फक्त एक नोंद होऊन पडले असते. साक्री तालुक्यातला एक ठेलारी मेंढपाळ माझ्या ओळखीचा आहे. त्याची दोन कोकरे एका रात्रीत गेली होती. पंचनाम्याची वाट पाहत आम्ही बांधावर बसलो होतो, आणि मी काहीतरी बोलायचे म्हणून बिबट्याला शिवी घातली. तो वाघूर, म्हणजे मेंढ्यांभोवती लावायची जाळी, गुंडाळत शांतपणे म्हणाला, “गुरुजी, त्याले पोट शे. पाप-पुन्य आपले शे.” मग वाडग्याची कोणती बाजू उघडी राहिली होती आणि ती कोणाच्या आळसामुळे, याबद्दल त्याने आपल्या मुलाला जे काही सुनावले ते इथे लिहिण्यासारखे नाही.

पुस्तकाचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. अण्णा आणि सर दोघेही वाचनालयाच्या समितीवर आहेत आणि दोघांनीही माघार घेतली नाही. अखेर ग्रंथपालानेच तोडगा काढला. पुस्तक त्याने ५९१ वर, प्राण्यांच्या कपाटात नेऊन ठेवले, आणि १७० च्या कपाटात जिथे ते चुकून ठेवले होते तिथे पुठ्ठ्याचा एक तुकडा उभा केला. त्यावर निळ्या शाईत पुस्तकाचे नाव आहे आणि खाली ‘समोरच्या भिंतीला, खालून दुसरा कप्पा’ असे लिहिले आहे. परवा गेलो तेव्हा पुस्तक जागेवर नव्हते. कोणीतरी नेले होते. पुठ्ठ्याचा तुकडा मात्र होता.